कलादालनातील ध्वनी : प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रत्यक्ष सादरीकरण आणि मराठी समीक्षेपुढील प्रश्न

प्रस्तावना

चित्र पाहण्यासाठी बांधलेल्या दालनात संध्याकाळी श्रोते जमतात. भिंतीवर चित्रे असतात किंवा नसतात. मध्यभागी एका टेबलावर तारा, खटके आणि छोटे दिवे असलेली यंत्रे मांडलेली असतात. वादक येतो, पण तो कोणतेही परिचित वाद्य वाजवत नाही. राग नाही, ताल नाही, शब्द नाहीत, समेवर येणे नाही. तासाभराने ध्वनी थांबतो आणि टाळी नेमकी केव्हा वाजवायची, हे कोणालाच ठरवता येत नाही. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अशा संध्याकाळी जगातील अनेक शहरांत गेल्या साठ वर्षांपासून होत आल्या आहेत. भारतातही या परंपरेची एक जुनी आणि महत्त्वाची शाखा आहे. तथापि, मराठी संगीतसमीक्षेने तिची दखल अभावानेच घेतलेली दिसते.

दखल न घेण्याचे कारण बहुधा असे दिले जाते की हे संगीत आपले नाही, ते महानगरीय आणि मूठभरांचे आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. अशा सादरीकरणाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, मराठी सौंदर्यविचारातील संकल्पना त्यासाठी कितपत उपयोगी पडतात आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना या कलाप्रकाराशी कोणते नाते जोडता येईल, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

न्यूयॉर्क ते अहमदाबाद : एक विस्मृत परंपरा

या परंपरेचा भारतीय धागा १९४६ पासून दाखवता येतो. त्या वर्षी अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या स्वतः पखवाज वाजवीत. तेथे त्यांची भेट जॉन केज या तरुण अमेरिकी संगीतकाराशी झाली आणि दोघांनी परस्परांना शिकवले. केजने त्यांना पाश्चात्त्य संगीतातील प्रतिस्वररचना शिकवली, तर गीताबेनांनी त्याला भारतीय संगीताची ओळख करून दिली. संगीताचे प्रयोजन मन शांत व निर्मळ करणे हे आहे, ही गीताबेनांच्या गुरूंची शिकवण केजच्या मनात खोलवर रुजली. पुढे १९५२ मध्ये त्याने एकही स्वर न वाजवण्याची आपली प्रसिद्ध रचना सादर केली. तेव्हा पियानोसमोर बसलेला वादक डेव्हिड ट्यूडर होता. १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅम यांचा नृत्यसंच जागतिक दौऱ्यात भारतात आला. त्यात केज आणि ट्यूडर दोघेही होते, आणि मुंबई व अहमदाबाद या दोन्ही शहरांत त्यांचे कार्यक्रम झाले.

१९६९ मध्ये ट्यूडर पुन्हा अहमदाबादला आला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत त्याने मूग सिंथेसायझर आणि ध्वनिफीत यंत्रे यांच्या साह्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला स्टुडिओ मानला जातो. १९७२ पर्यंत तेथे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी रचना केल्या. त्यानंतर स्टुडिओचे कार्य थांबले आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गास यांनी त्या शोधून काढल्या. २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांचा माहितीपट प्रसारित झाला आणि २०२३ मध्ये निवडक रचनांचा संग्रह प्रकाशित झाला.

सुमारे पन्नास वर्षे या रचना कोणी ऐकल्या नाहीत, ही गोष्ट केवळ संग्रहालयीन अनास्थेची नाही. त्या काळी त्यांच्यावर समीक्षा लिहिली गेली असती, त्यांची चर्चा झाली असती, विद्यापीठांच्या संगीतविभागांत त्या ऐकवल्या गेल्या असत्या, तर त्या विस्मृतीत गेल्या नसत्या. समीक्षेच्या अभावी कलाकृती नष्ट होत नाही, परंतु ती आपल्या काळाच्या श्रवणातून वजा होते. हे नुकसान भरून काढता येत नाही.

मैफल आणि कलादालन

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीला स्वतःची एक शिस्त आहे. श्रोता समोर बसतो, गायकाच्या हाताच्या हालचालीतून स्वराची दिशा त्याला दिसते, तबलजी आणि गायक समेवर एकत्र येतात तेव्हा दाद जाते आणि ती दाद पुन्हा गायनात मिसळते. ध्वनीचे कारण डोळ्यांसमोर असते. तार छेडली म्हणून नाद आला, हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक सादरीकरणात हा कार्यकारणसंबंध तुटतो. वादकाने बोट किंचित फिरवले तर प्रचंड गर्जना होऊ शकते आणि दोन्ही हातांनी धडपड केली तरी काहीच न बदलण्याची शक्यता असते. श्रोत्याला कौशल्य दिसत नाही, म्हणून त्याला कौशल्याविषयी शंका येते. ‘हा खरोखर वाजवतो आहे की आधीच मुद्रित केलेले ऐकवतो आहे?’ हा प्रश्न अशा प्रत्येक संध्याकाळी कोणी ना कोणी विचारतोच. तो अज्ञानाचा प्रश्न समजून बाजूला सारू नये. प्रत्यक्ष सादरीकरण म्हणजे काय, याविषयीचा तो मूलभूत प्रश्न आहे.

कलादालनाने यात आणखी एक बदल केला. दालनात आसने नसतात. प्रेक्षक चालत राहतो, हवे तेव्हा थांबतो, हवे तेव्हा बाहेर पडतो. चित्रासमोर किती वेळ थांबायचे हे पाहणारा ठरवतो. संगीतात मात्र काळ रचनाकाराच्या हाती असतो. संगीत कलादालनात आले की या दोन कालव्यवस्थांची गाठ पडते. या कलाप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य, दोन्ही याच गाठीतून निर्माण होतात.

‘रेनफॉरेस्ट’ : एका सादरीकरणाचे विश्लेषण

या दृष्टीने ट्यूडरच्या ‘रेनफॉरेस्ट’ या रचनेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिचे पहिले रूप १९६८ मध्ये कनिंगहॅम यांच्या नृत्यासाठी तयार झाले. अहमदाबादचा मुक्काम त्यानंतरचा. १९७३ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथील कार्यशाळेत तरुण संगीतकारांच्या सहभागाने तिचे चौथे रूप सिद्ध झाले आणि तेच पुढे अनेक कलादालनांत व संग्रहालयांत सादर होत राहिले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये तिचे पाचवे रूप मांडण्यात आले.

रचनेची यंत्रणा मुळात साधी आहे. ध्वनिवर्धकात विद्युत्संकेतामुळे कागदी पडदा कंप पावतो आणि ध्वनी निर्माण होतो. ट्यूडरने पडद्याची जागा वस्तूंना दिली. पलंगाच्या स्प्रिंगा, पत्रे, लोखंडी पिंपे, काचेची तावदाने अशा वस्तू छताला टांगल्या आणि प्रत्येकीला एक कंपक यंत्र जोडले. संकेत त्या वस्तूतून जातो तेव्हा तिच्या आकाराला व धातूला मानवतील तेवढीच कंपने ती उचलते, उरलेली गाळून टाकते. वस्तूला चिकटवलेला सूक्ष्म मायक्रोफोन हा बदललेला ध्वनी टिपतो आणि तो दालनातील मोठ्या ध्वनिवर्धकांकडे पाठवला जातो. म्हणजे एकच ध्वनी श्रोत्याला दोन ठिकाणी भेटतो. वस्तूच्या अंगाला कान लावल्यावर तो सूक्ष्म असतो, दालनाच्या हवेत तो विस्तारलेला असतो. श्रोते पिंपात डोके घालून ऐकतात, पत्र्याला हात लावून कंप अनुभवतात. सादरीकरण काही तास चालते.

येथे आपल्या परंपरेतील एक वर्गीकरण तपासून पाहावेसे वाटते. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले. टांगलेले पिंप धातूचे असल्याने ते घनवाद्याच्या जवळ जाते, परंतु त्यावर कोणी आघात करीत नाही. तेराव्या शतकात मराठवाड्याच्याच भूमीत, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात आहत आणि अनाहत असा नादाचा भेद मांडलेला आहे. दृश्य आघाताविना निर्माण होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ध्वनीला ‘अनाहत’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो मोह टाळला पाहिजे. अनाहत नाद ही योगसाधनेतील संकल्पना आहे. तो सामान्य कानांनी ऐकू येत नाही आणि म्हणून लोकरंजन करीत नाही, असे शास्त्राचे म्हणणे आहे. विद्युत्प्रवाहाने पत्रा कंप पावतो तेव्हा तेथे आघात असतोच. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक ध्वनी हा आहत नादच आहे, आणि त्याची समीक्षा गूढतेच्या आश्रयाने न करता श्रवणाच्या आधारेच व्हायला हवी.

मर्ढेकरांची लयतत्त्वे आणि यंत्रध्वनी

अशा रचनेच्या मूल्यमापनासाठी मराठीत सर्वांत उपयुक्त चौकट बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात सापडते. आकाशवाणीत नोकरी केलेल्या या कवीने सौंदर्याची उपपत्ती संवेदनांच्या परस्परसंबंधांवर उभारली. कलाकृतीतील घटक संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी बांधले जातात, आणि ही बांधणी हाच सौंदर्याचा आधार होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही चौकट राग, ताल किंवा शब्दार्थ यांवर अवलंबून नाही. त्यामुळे राग, ताल व शब्द यांपैकी काहीच नसलेल्या संगीतालाही ती लावता येते.

‘रेनफॉरेस्ट’च्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांच्या आधारे ती लावून पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. एकच संकेत पत्र्यातून आणि पिंपातून गेला की मूळ एक असल्याने संवाद निर्माण होतो आणि नादजाती भिन्न असल्याने विरोधही निर्माण होतो. एकाच घटकातून दोन लयतत्त्वे एकदम सिद्ध होणे, ही या रचनेची सर्वांत मोठी उपलब्धी मानावी लागेल. समतोलाच्या बाबतीत मात्र अडचण येते. मर्ढेकरांची उपपत्ती कलाकृतीला निश्चित संघटना आहे असे गृहीत धरते. येथे पिंपाजवळ उभ्या असलेल्या श्रोत्याला जी संघटना मिळते ती खिडकीजवळच्या श्रोत्याला मिळत नाही. समतोल कलावंत पूर्ण करीत नाही. श्रोता आपल्या पावलांनी तो साधतो किंवा साधत नाही. मर्ढेकरांच्या चौकटीचा येथे विस्तार करावा लागतो. लयतत्त्वे कायम ठेवून, ती सिद्ध होण्याचे स्थान कलाकृतीकडून श्रवणाच्या मार्गाकडे न्यावे लागते.

दोषांचाही उल्लेख आवश्यक आहे. अनेक वस्तू एकाच वेळी बोलू लागल्या की काही काळाने विरोधाची धार बोथट होते. सर्व ध्वनींची एक सलग झालर तयार होते आणि कोणता ध्वनी कोणत्या ध्वनीनंतर का आला, याची अपरिहार्यता जाणवत नाही. बडा ख्याल संथ असला तरी त्यात पुढच्या स्वराची वाट पाहणे असते. येथे ते बरेचदा हरवते. श्रोत्याला दिलेले स्वातंत्र्य हे रचनाकाराने टाळलेल्या निर्णयाचे दुसरे नाव ठरू नये, एवढी अपेक्षा समीक्षकाने ठेवलीच पाहिजे.

मराठी संगीतविचारातील दुसरा आधार वामनराव हरी देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाचा आहे. स्वर आणि लय या दोन टोकांमधील अंतरावर त्यांनी घराण्यांची मांडणी केली आणि किराणा घराणे स्वराच्या टोकाशी ठेवले. इलेक्ट्रॉनिक संगीताला या दोन टोकांखेरीज नादजातीचे तिसरे परिमाण लागते. तथापि, हे परिमाण आपल्याला परके नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा जीव सरकवतात तेव्हा ते नादजातीचीच रचना करीत असतात. जुळलेल्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार कोणी वाजवत नाही, तरीही सारी मैफल तो ऐकते. किराणा परंपरेतील पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व १९७० मध्ये ला माँट यंग आणि मेरियन झाझीला या अमेरिकी कलावंतांनी पत्करले, आणि दीर्घकाळ स्थिर राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्वरांची त्यांची ‘ड्रीम हाऊस’ ही दालने जगप्रसिद्ध झाली. यंग यांनी असे काम प्राणनाथांकडे येण्यापूर्वीच सुरू केले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. म्हणून एका परंपरेने दुसरीला जन्म दिला असे म्हणता येत नाही. दोन स्वतंत्र श्रवणांनी एकमेकांना ओळखले, एवढेच म्हणणे रास्त ठरेल.

अहमदाबादच्या रचनांची शीर्षकेही या संदर्भात विचारात घ्यावीत. माथूर यांच्या एका रचनेचे शीर्षक ‘माझे पक्षी’ अशा अर्थाचे आहे आणि दुसरीचे ‘एकदा मी तंबोरा वाजवला’ अशा अर्थाचे. शर्मांनी ‘नृत्यसंगीत’ रचले, जोशीपुरांनी अवकाशयानाची कल्पना केली. शुद्ध ध्वनीची भाषा हाती आलेल्या या रचनाकारांना पक्षी, नृत्य, तंबोरा आणि प्रवास यांचे स्मरण सोडवले नाही. मर्ढेकरांच्या शुद्ध संवेदनेच्या आग्रहाला हे प्रत्यक्ष रचनेने दिलेले उत्तर आहे. विशेषतः तंबोऱ्याच्या शीर्षकातील भूतकाळ अर्थपूर्ण आहे. यंत्रासमोर बसलेल्या वादकाच्या कानात जुने वाद्य कसे शिल्लक राहते, याची ती नोंद आहे.

मुंबईचा एक प्रयोग

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर १९८२ चे घ्यावे लागते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली. त्यांतील एक मंद्र स्वरांसाठी, एक तालासाठी आणि एक मुख्य सुरावटीसाठी होते. भैरवी, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांचे स्वर त्यांनी यंत्रचालित लयीवर बसवले. मंद्र स्वरांच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि तिच्यामुळे मींडेचा आभास निर्माण झाला. अमेरिकेतील शिकागो शहरात याच यंत्राच्या आधारे नव्या नृत्यसंगीताचा जन्म झाला तो त्यानंतर काही वर्षांनी.

समीक्षेच्या दृष्टीने या तबकडीचे यश मर्यादित आहे. रागाचे स्वर राहिले, परंतु लय जराही ढळत नसल्याने रागाचा विसावा हरवला. तरीही मींडेसारखी गोष्ट यंत्रातून काढण्याची कल्पना एका मुंबईकर वादकाने केली, हे ऐतिहासिक सत्य आहे. ही तबकडी खपली नाही. एका डच संग्राहकाच्या प्रयत्नाने ती २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली आणि चरणजित सिंग यांना २०१५ मधील निधनापूर्वी युरोपात रंगमंच मिळाला. अहमदाबादच्या फितींप्रमाणेच येथेही शोध बाहेरून लागला. दोन्ही वेळा आपली समीक्षा अनुपस्थित होती.

हिंगोलीच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा महानगरीय कलादालनांपासून दूर आहे. परंतु इलेक्ट्रॉनिक ध्वनीपासून तो दूर नाही. लग्नाची वरात, दसरा महोत्सव, गणेशोत्सव, भजनाचा कर्णा, शेतातील भ्रमणध्वनी यांतून येथील माणूस रोज विद्युत्ध्वनी ऐकतो. त्याचा बराचसा भाग त्याच्यावर लादलेला असतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ती वरातीच्या रात्री किती पाळली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून येथे अभाव इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा नाही. तो लक्षपूर्वक ऐकण्याच्या प्रसंगाचा आहे.

ऐकणाऱ्याच्या स्थानाला अर्थ असतो, ही जाण या परिसराच्या स्मृतीत जुनी आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे पुजाऱ्यांनी त्यांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जाण्यास सांगितले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे वळले, अशी आख्यायिका आहे. तिला इतिहास म्हणण्याचे कारण नाही, आणि तिला इलेक्ट्रॉनिक संगीताची पूर्वसूचना म्हणणे तर हास्यास्पद ठरेल. परंतु तिच्यातील विचार गंभीर आहे. मान्य जागेवरून हाकलले गेलेले गाणे नवी जागा निर्माण करते, आणि श्रवणाची दिशा वास्तूने ठरवायची नसून गाण्याने ठरवायची असते. कलादालनातील संगीताचा सारा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

‘रेनफॉरेस्ट’सारख्या सादरीकरणाला महाग वाद्ये लागत नाहीत. महाविद्यालयाच्या सभागृहात जुना पत्रा, घागर, तेलाचे पिंप आणि मोडलेल्या पलंगाच्या स्प्रिंगा टांगता येतील. कंपक यंत्रे व सूक्ष्म मायक्रोफोन पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तयार करता येतील. अनुनादाचा जो धडा विद्यार्थी पुस्तकात वाचतो तो त्याला तेथे हाताच्या स्पर्शाने कळेल. संगीत विभागाने नादजातीचे, मराठी विभागाने श्रवणाच्या नोंदींचे आणि इतिहास विभागाने ध्वनिमुद्रण जतनाचे काम घ्यावे. बहुविद्याशाखीय अभ्यास हा शब्द सध्या पुष्कळ वापरला जातो. त्याला प्रत्यक्ष विषय मिळण्याची ही संधी आहे.

निष्कर्ष

१. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत भारताला सर्वस्वी परके नाही. १९६९ ते १९७२ या काळात अहमदाबादेत आणि १९८२ मध्ये मुंबईत त्याची स्वतंत्र निर्मिती झालेली आहे.

२. मर्ढेकरांची लयतत्त्वे या संगीताला लावता येतात. मात्र समतोल हे तत्त्व श्रोत्याच्या फिरत्या स्थानाचा विचार करून विस्तारावे लागते. देशपांडे यांच्या स्वर-लय मांडणीलाही नादजातीची जोड द्यावी लागते.

३. असे सादरीकरण नवे आहे म्हणून चांगले ठरत नाही आणि अपरिचित आहे म्हणून वाईटही ठरत नाही. ध्वनींच्या क्रमाला आवश्यकता आहे की नाही, हा प्रश्न त्यालाही विचारला पाहिजे.

४. अहमदाबादच्या फिती आणि मुंबईची तबकडी यांची उपेक्षा हे समीक्षेचे अपयश आहे. आज एखाद्या तालुक्याच्या गावी कोणी तरुण संगणकावर ध्वनिरचना करीत असेल, तर तिची नोंद पन्नास वर्षांनी परदेशी अभ्यासकाने घ्यावी, अशी वेळ पुन्हा येऊ नये. ती रचना आज ऐकणे आणि तिच्याविषयी आज लिहिणे, हे जवळच्या महाविद्यालयाचे काम आहे.